दिवे घाटाचा दिवस: पुण्याहून सासवडपर्यंत कसं चालावं

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून सासवडला निघते, तो दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. अंतर साधारण तीस किलोमीटर, वाटेत दिवे घाट आणि पोटात उपास. एकच दिवस वारी करणारे पुणेकर नेमका हाच टप्पा निवडतात आणि सगळी धास्ती घाटाची घेतात. घाट चारेक किलोमीटरचा आहे, चढ एकसारखा आहे, आणि भजनाच्या नादात तो चढून होतो. माणसं बसतात ती घाटमाथ्यानंतर. तिथून सासवड अजून आठ-नऊ किलोमीटर असतं आणि तोवर पाय संपलेले असतात. म्हणून सगळं नियोजन त्या शेवटच्या पट्ट्यासाठी करायचं.

भवानी पेठेतून पालखी पहाटे हलते. शिंदे छत्रीला थोडा विसावा होतो, मग हडपसर. तिथे वाटा फुटतात: तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची उजवीकडे सासवड रस्त्याला वळते. गर्दीच्या लोंढ्यात भलत्या पालखीमागे गेलेले दरवर्षी दिसतात, तेव्हा गाडीतळावर पाटी बघून वळा. पुढे फुरसुंगी फाटा, उरुळी देवाची आणि वडकी. हडपसर ते वडकी नाला हे दहा-अकरा किलोमीटर सपाट, उघडं डांबर आहे. पाऊस लांबला असेल तर दिवसातला सगळ्यात त्रासाचा तुकडा हाच. हडपसरपर्यंत सकाळच्या गारव्यात पाय आपोआप भरभर पडतात, ते आवरा. बोलता बोलता धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

एकटे किंवा मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याच दिंडीत नसलेल्या वारकऱ्यांत, चालत असाल तर रथाच्या तास-दीड तास पुढे राहा. रथाच्या आसपास गर्दी इतकी दाटते की चालणं म्हणजे नुसतं थांबणं आणि सरकणं होतं. सलग चालण्यापेक्षा त्यानेच कंबर जास्त दुखते. दिंडीत असाल तर दिंडीची चाल तीच तुमची चाल. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे वीणेकरी. या रांगा मधून तोडून रस्ता ओलांडायचा नाही. दिंडी पूर्ण जाऊ द्यावी, मग पलीकडे जावं.

पायात नवे बूट नकोत. निदान महिनाभर वापरलेले, बोटांपुढे थोडी जागा असलेले बूट घ्या आणि मोज्यांचे दोन जादा जोड ठेवा. फोड नुसत्या चालण्याने येत नाहीत, ओली कातडी घासली की येतात. पावसाने किंवा घामाने मोजे भिजले की पुढच्या विसाव्याला बदलायचेच. टाचेला किंवा करंगळीला चुरचुर जाणवली त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावा. फोड धरल्यावर पट्टी लावली तर दुखणं लपतं, थांबत नाही. आलेला फोड वाटेत फोडू नका, रस्त्यावरच्या चिखलाने तो पिकतो. मांड्या आणि काखा घासतात, तिथे निघण्याआधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा.

पाठीवरचं ओझं तीन किलोच्या वर नको: लिटरभर पाणी, अंगावर घ्यायचं मेणकापड, टॉवेल, मोजे, पट्टी, नेहमीची औषधं, प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल. दागिने घरीच ठेवा. दिंडीत भिशी (जेवण-मुक्कामाचे पैसे) भरली असेल तर बाकीचं सामान ट्रकमध्ये जातं. मात्र ट्रक मुक्कामावरच भेटतो, त्यामुळे दिवसभरात लागणारी एकही वस्तू त्यात टाकू नका.

उपासाचं नीट ठरवा. वाटेत चहा, केळी, खिचडी हवी तितकी मिळते, आणि लोक इतक्या प्रेमाने देतात की नाही म्हणवत नाही. पण रिकाम्या पोटी चार-पाच चहा झाले की पित्त उसळतं. दुपारी वडकी नाल्याच्या विसाव्याला ताटभर साबुदाणा खाल्ला तर घाटात पोट जड होतं. दर तासाला थोडं खावं: एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे. मिठाकडे लक्ष ठेवा. दिवसभर घाम जातो आणि नुसतं पाणी प्यायलं की पोटऱ्यांत गोळे येतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा टप्पा उपाशी चालू नये. औषधांचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच साखर तोंडात टाका आणि बसा.

वडकीला बूट-मोजे काढून पाय वाळवा आणि अर्धा तास पाय उंचावर ठेवून पडा. घाटात पावलं लहान ठेवा, टाचा टेकवून चढा. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या असतात, तेव्हा रथाच्या अगदी मागे किंवा चाकांशेजारी चालू नका. फोटोसाठी डोंगराच्या उतारावर चढू नका, सुटे दगड खालच्या वारकऱ्यांवर येतात. वळणावर मस्तानी तलाव दिसतो. तो डोळे भरून पाहा, पण कडेला सरकून.

माथ्यावर झेंडेवाडीच्या विसाव्याला मोजे बदला, पाणी भरा, काहीतरी खा. पुढे अंधार पडतो, म्हणून छोटी बॅटरी खिशात हवी. फोन लागेलच याचा भरवसा नाही. आपलं नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. सोबत्यांशी ‘रथाजवळ भेटू’ असं ठरवू नका, तिथे कुणी कुणाला सापडत नाही. तळावर समाजआरतीच्या (मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होणाऱ्या आरतीच्या) वेळी चोपदार हरवल्या-सापडल्याची घोषणा करतात, तिकडे कान ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा, मग तळव्यांना तेल लावा. सोपानकाकांच्या समाधीची रांग त्या रात्री लांबलचक असते, राहणार असाल तर दर्शन दुसऱ्या दिवशी घ्या. त्याच रात्री परतायचं असेल तर दिवे घाट गाड्यांसाठी बंद असतो, वाहतूक बोपदेव घाटाने वळवलेली असते. गाडी कुठून सुटते आणि शेवटची किती वाजता, हे सकाळी निघण्याआधीच विचारून ठेवा.