नव्या बाईकचा एबीएस दिवा पुन्हा पुन्हा लागत होता: माझा अनुभव

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम म्हणजे लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागतो आणि गाडीने थोडा वेग घेतला की विझतो, हे बरोबरच. माझा विझायचा, पण खड्ड्यातून गेलं की परत लागायचा. कधी कोरड्या रस्त्यावर अगदी हळू थांबतानाही पुढचा लिव्हर बोटांखाली थरथरायचा. नव्या गाडीवर हा मनस्ताप नकोसा झाला होता.

बॅटरीचे टर्मिनल आवळले, फ्यूज पाहिला, सर्व्हिस सेंटरने कोड (गाडीने साठवलेली बिघाडाची नोंद) पुसला. फरक शून्य.

मग कोड पुसण्याआधी वाचायला लावला: पुढच्या चाकाचा स्पीड सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा भाग. इग्निशन बंद करून पुढचं चाक उचललं. सेन्सरचा बोल्ट चक्क हाताने फिरत होता! सेन्सर काढला, टोकाला चिकटलेली लोखंडाची बारीक भुकटी कोरड्या कापडाने पुसली, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती चाकासोबत फिरणारी खाचांची रिंगही साफ केली. (डिस्कवर तेलकट काही उडू देऊ नका.) बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळला. चाक हळूहळू फिरवत रिंग आणि सेन्सरमधलं अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासलं. ते सगळीकडे मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवं. कनेक्टर ‘टक’ होईपर्यंत दाबला, शेवटी कोड पुसला. आता खड्ड्यातही दिवा लागत नाही.

दिवा लागलेला असताना साधा ब्रेक चालतो, पण जोरात दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. वॉरंटीत असाल तर कोड जॉबकार्डवर लिहून घ्याच.