मोटरहोमच्या आतील सुटलेल्या पट्ट्या पुन्हा कशा बसवाव्यात

मोटरहोम किंवा कॅरव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या आतल्या भिंतींवर, छताच्या कडेने आणि खिडक्यांभोवती लावलेल्या अरुंद पट्ट्या दिसायला शोभेच्या असल्या, तरी त्यांचे खरे काम सांधे झाकण्याचे असते. अशा बऱ्याच गाड्यांत आतली भिंत म्हणजे छापील कागद किंवा व्हिनाइल चढवलेले जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असते. त्यावर पट्टी बारीक खिळ्यांनी, स्टेपलच्या पिनांनी किंवा नुसत्या गोंदाने बसवलेली असते. इतक्या पातळ प्लायमध्ये खिळ्याला पकड ती कितीशी मिळणार? रस्त्याचे हादरे, दिवसाचे तापणे आणि रात्रीचे निवणे यांमुळे तीही हळूहळू सुटते.

मात्र गोंदाची नळी हाती घेण्याआधी पट्टी पाण्यामुळे सुटली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. पट्टीच्या आजूबाजूची भिंत अंगठ्याने दाबून पाहावी. ती मऊ लागली, कागदाला फुगे आले असतील, पिवळसर डाग किंवा कुबट वास असेल, तर बाहेरच्या बाजूला खिडकीच्या, छताच्या किंवा कोपऱ्याच्या सीलमधून गळती आहे असे समजावे. गळती थांबवून भिंत पूर्ण कोरडी होईपर्यंत पट्टी बसवू नये. ओल्या प्लायवर बसवलेली पट्टी फार दिवस टिकत नाही आणि तोवर मागे चाललेली कुज झाकून ठेवते.

भिंत कोरडी असेल, तर पट्टी सोडवायला घ्यावी. ओढून काढल्यास ती मोडते, म्हणून आधी पट्टीच्या कडेची फट बुजवणारा भराव धारदार सुरीने चिरावा. मग भिंतीला टेकवून प्लायचा एक लहान तुकडा धरावा आणि त्यावर पुट्टीची रुंद पात टेकवून पट्टी थोडी थोडी उचलावी. एकाहून अधिक पट्ट्या काढायच्या असतील, तर प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने क्रमांक लिहावा. पट्टीत अडकलेले जुने खिळे हातोडीने पुढे ठोकून न काढता पकडीने मागच्या बाजूने ओढून घ्यावेत, म्हणजे दर्शनी भागाचा टवका उडत नाही.

यानंतर जुना गोंद खरवडून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. छापील कागदाचा रंग निघतो का, हे आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात तपासावे. पूर्वी कोणी सिलिकॉन लावले असेल, तर ते पूर्णपणे काढण्याला पर्याय नाही, कारण त्याच्या उरलेल्या थरावर दुसरे काही नीट चिकटत नाही.

पट्टी कशाने बसवायची, हे मागे काय आहे त्यावर ठरते. भिंतीवरून लोहचुंबक फिरवल्यास आतल्या चौकटीत मारलेल्या पिना सापडतात आणि त्यावरून लाकूड कुठे आहे ते कळते. लाकूड असेल तिथे १८ गेजचे, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचे, बारीक डोक्याचे खिळे वापरावेत. ते सरळ न मारता एक डावीकडे आणि पुढचा उजवीकडे कललेला, असे आलटून पालटून मारल्यास हादऱ्यांनी सहज निघत नाहीत. खिळ्याची लांबी पट्टी आणि प्लाय ओलांडून लाकडात १२ ते १५ मिलिमीटर जाईल इतकीच ठेवावी. भिंतीची एकूण जाडी बरेचदा चार-पाच सेंटिमीटरच असते आणि तिच्यातून विजेच्या ताराही गेलेल्या असतात.

मागे लाकूड नसेल, तर लवचीक राहणारा पॉलियुरेथेन गोंद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोमची टेप घ्यावी. गरम करून लावण्याचा गोंद सोयीचा वाटतो, पण उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीत तो मऊ पडतो, म्हणून तो मी तरी वापरणार नाही. टेप लावताना हवा १० अंश सेल्सियसच्या खाली नसावी आणि पट्टी टोकापासून टोकापर्यंत जोराने दाबावी. तिची पूर्ण पकड येण्यास साधारण ७२ तास लागतात. गोंद सुकेपर्यंत भिंतीवरची पट्टी मास्किंग टेपने, तर छताची पट्टी खालून काठीचा टेकू देऊन धरून ठेवावी. या सगळ्या वेळात खिडक्या उघड्या असाव्यात आणि गॅसची शेगडी बंद.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. काही गाड्यांत खोलीचा एक भाग भिंतीतून बाहेर सरकतो; अशा सरकणाऱ्या खोलीभोवतीची पट्टी एकाच बाजूला जोडायची असते. ती हलणाऱ्या आणि स्थिर अशा दोन्ही भागांना जोडली, तर खोली पहिल्यांदा सरकतानाच उखडेल. चालकाच्या केबिनमधील खांबांवरच्या आवरणामागे एअरबॅग असू शकते, म्हणून तिथे खिळा किंवा गोंद न वापरता मूळ क्लिपच बदलावी.

स्क्रूचे भोक सैल झाले असेल, तर त्यात गोंदात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून, त्या सुकल्यावर स्क्रू पुन्हा पिळावा. खिळ्यांची भोके पट्टीच्या रंगाच्या मेणाच्या खडूने बुजवावीत आणि कडेला रंगवता येणाऱ्या ॲक्रिलिक भरावाची बारीक रेघ ओढावी. गोंद पूर्ण सुकल्यावर उभ्या गाडीत पट्टीशेजारची भिंत मुठीने हलकेच ठोकून पाहावी. खडखड ऐकू आली, तर आवाजाच्या जागी आणखी एक खिळा किंवा टेपचा तुकडा द्यावा लागेल.