मासे आणण्याआधी पाण्याची तयारी

टाकी, खडी, फिल्टर, हीटर, झाकण हे दुकानदार स्वतःहूनच गळ्यात मारतो. स्टँड सपाट हवा, टाकीखाली थर्माकोलची शीट हवी, बास. खाली फक्त पाण्याचं लिहितोय.

आधी टाकीत खरंच किती लिटर मावतं ते काढून ठेवा. 24 बाय 12 बाय 12 इंचांची दोन फुटी टाकी हिशेबाने 56 लिटरची. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 45 च्या आसपास उरतं. अँटिक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं द्रावण), औषध, सोडा, जे काही घालाल ते या आकड्यावर. ‘अंदाजे एक झाकण’ हे माप नव्हे.

मग पाणी कुठून येतं ते बघा. मुंबई-पुण्यात नळाला येणारं धरणाचं पाणी सहसा मऊ (क्षार कमी) असतं, बोअरचं जड (क्षार जास्त). सोसायटीत दोन्ही एकाच टाकीत सोडत असतील तर वॉचमनला विचारून घ्या, आणि टँकर आला की पाणी खाली सांगितलेल्या किटने नव्याने मोजा. साधं क्लोरीन बादलीत दिवसभर ठेवलं की उडून जातं, क्लोरामाइन जात नाही. कुठलं आहे याच्या खोलात शिरू नका, सरळ अँटिक्लोर घाला.

टेस्ट किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांवर पैसे घालवू नका. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवायची, नाहीतर तळाशी बसलेलं रसायन बाटलीतच राहतं आणि आकडा फसवा येतो. आता केएच (म्हणजे काय ते पुढे सांगतो). बऱ्याच किटमध्ये केएचची बाटली नसते, ती वेगळी मागावी लागते. मागा. दुकानदार ‘त्याची काही गरज नाही’ म्हणाला तरी मागा. मागच्या वेळी मी ती घेतली नव्हती आणि चांगली जमलेली टाकी त्यापायीच बसली.

केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटची, म्हणजे आम्ल पचवणाऱ्या क्षाराची, शिल्लक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे तर सगळेच सांगतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं, हे मात्र कुणी सांगत नाही. अमोनियातला 1 मिलिग्रॅम नायट्रोजन मार्गी लागताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7 मिलिग्रॅम शिल्लक खर्च होते. केएचची एक डिग्री म्हणजे लिटरमागे जेमतेम 17.9 मिलिग्रॅम. मऊ पाण्यात मुळात दोन-तीन डिग्री, त्यात मासे जास्त आणि पाणी बदलायचा कंटाळा. किती दिवस पुरणार?

आणि शिल्लक आहे तोवर पीएच फारसा हलत नाही! रोज पीएच मोजून खूश राहाल. केएच संपला की तोच पीएच एक-दोन रात्रींत कोसळतो. 6 च्या खाली बॅक्टेरियांचं काम जवळजवळ थांबतं, अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, त्यामुळे मासे कसेबसे तग धरतात. मग आपण घाबरून निम्मं पाणी बदलतो. नवं पाणी 7.8 चं. पीएच चढला की त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. 25 अंशांना, पीएच 7 वर एकूण अमोनियाच्या अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, 8 वर पाच टक्के. सकाळी गुरामी उलटे तरंगत असतात आणि खापर फुटतं नळाच्या पाण्यावर.

म्हणून केएच मोजा. नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्या, एकेक थेंब टाका, दर थेंबाला हलवा. पाणी आधी निळं होतं. ज्या थेंबाला निळ्याचं पिवळं होईल, तितक्या डिग्री. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर शिल्लक संपत आलीय, मासे आणू नका. चारच्या वर असू द्या. वाढवायला खायचा सोडा: 100 लिटरला 3 ग्रॅम म्हणजे साधारण एक डिग्री. खायचाच, धुण्याचा नव्हे. कपात विरघळवून, एका दिवसात एकच डिग्री. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला तर तो हळूहळू विरघळत राहतो, आळशी माणसाला हेच बरं. आणि कृपा करून स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून ओतू नका. त्यात केएच जवळपास शून्य असतो. पाहुणे कौतुकाने हेच सुचवतात, ऐकू नका.

आता बॅक्टेरिया. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाका, कुजू द्या. अमोनिया चढेल, उतरेल. मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. ओळखीच्या कुणाच्या चालू फिल्टरमधला स्पंज मिळाला तर लवकर होतं. या काळातही केएच खर्च होतोच, तेव्हा मध्ये मोजा. मध्येच गाडी अडली तर आधी केएचच बघा, बॅक्टेरियाच्या महागड्या बाटल्या नंतर.

मासे थोडे आणा. जड पाणी असेल तर गप्पी-मॉली, मऊ असेल तर टेट्रा. गोल्डफिश छोट्या टाकीत नको, घाण फार करतो. पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पुढे आठवड्याला पाव पाणी बदला. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको. नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आत. पाणी बदलायच्या आधी केएच मोजायचा, नंतर नाही. नंतरचा आकडा नव्या पाण्याचा असतो. दिवे आणि मागचा निळा कागद दुकानदार सांगेल तसा लावा.