घबराहट होते म्हणजे नक्की काय होतं, ते डॉक्टरांना कसं सांगायचं

आमच्या इंदुरात मराठी माणूस डॉक्टरांसमोर बसला की "डॉक्टर साहब, घबराहट होती है" एवढं म्हणतो आणि गप्प बसतो, माझी आईपण तेच करायची. त्या एका शब्दात चार-पाच वेगळे त्रास दडलेले असतात, म्हणून जायच्या आधी घरी बसून तो शब्द फोडा.

आधी बघा, त्रास अचानक येतो का दिवसभर असतो. आईला राजवाड्याच्या बसमध्ये झालं तेव्हा तिने दांडा इतका घट्ट धरला होता की उतरताना मी एकेक बोट सोडवलं, धडधड, हाताला मुंग्या, घसा आवळलेला आणि "मी आता जाते गं" एवढंच तोंडात. अशी लाट बहुतेक वेळा 10 मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि ओसरते, हा पॅनिक अटॅक. एकदा आला म्हणजे आजार झाला असं नाही, पण परत परत येतोय आणि महिनाभर "पुन्हा येईल" ह्याच धाकात माणूस राहतोय तर पॅनिक डिसऑर्डर. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखतंय तर घरच्या घरी काही ठरवू नका, लगेच इमर्जन्सीत जाऊन ईसीजी काढा. थायरॉईडपण तपासा, त्या ग्रंथीचं काम जास्त झालं की अशीच धडधड होते.

लाट नाही पण पोरांची, पैशाची, तब्येतीची काळजी डोक्यातून जातच नाही, झोप उडालीय, मान आखडलीय, असं 6 महिने चाललंय तर जनरलाइज्ड एंग्झायटी. चार लोकांत बोलायची भीती म्हणजे सोशल एंग्झायटी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणीच सांगत नाही. तुम्ही काय काय करणं सोडलं? आईने आधी सराफा बाजारात जाणं सोडलं, मग लग्नं, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि आम्ही म्हणत राहिलो वय झालं. अडकलो तर निघता येणार नाही ह्या भीतीने गर्दी, बस टाळणं ह्याला अगोराफोबिया म्हणतात. आणखी एक, आजूबाजूचं सगळं काचेपलीकडे असल्यासारखं वाटतं, हे लोक लपवतात कारण वेडं ठरवतील असं वाटतं. ते वेड नाहीये हो, डीरियलायझेशन आहे, जरूर सांगा.

आठवडाभर वहीत लिहा: कुठे झालं, किती मिनिटं, चहा किती, झोप किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आईच्या वहीत "बस, 7 मिनिटं, उतरले" एवढंच होतं, पण डॉक्टरांनी पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला.

गोळ्या दिल्या तर कोणती रोजची आणि कोणती फक्त गरजेला, हे पर्चावर लिहून घ्या. रोजच्या बऱ्याच गोळ्यांना गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात, मध्येच मनाने बंद करू नका. झोपेच्या, लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्या शेजारणीच्या डब्यातून तर अजिबात घेऊ नका.

बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयाचं नाव काढलं की घरात कुजबुज होते, होऊ दे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास.