लष्करी तळावर भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेची) ऊर्जा: या कामात येणाऱ्यांसाठी

भूशास्त्र शिकून आलेले नवे सहकारी पहिलं विचारतात, "खाली तापमान किती?" अमेरिकेतल्या लष्करी तळांचे व्यवहार्यता अहवाल करताना मी त्यांना आधी तळाची वीज-गॅसची बिलं मागायला सांगते. कूलिंगवर किती खर्च होतो आणि ग्रिड बंद पडली तर कोणत्या इमारती चालू राहिल्याच पाहिजेत, हे कळल्याशिवाय तापमानाचा आकडा काही सांगत नाही.

कॅलिफोर्नियात नौदलाच्या चायना लेक तळावरचं कोसो हे भूऔष्णिक क्षेत्र नीट अभ्यासा. तिथे 1987 पासून वीज बनते. क्षमता 270 मेगावॅटपर्यंत गेली होती. पण ही वीज ग्रिडला विकली जाते, नौदलाला त्याचा मोबदला मिळतो. तळाची गरज आणीबाणीतल्या विजेची असेल, तर हा नमुना जसाच्या तसा चालणार नाही. शिवाय कूलिंग टॉवरमधून वाफ उडत राहिली, जमिनीखालचं पाणी घटलं आणि शेवटी रोज व्हॅलीतून पाइपलाइनने पाणी आणून खाली सोडावं लागलं. पाण्याचा हिशेब मांडला नसेल तर तो अहवाल मी अपुरा मानते.

उलट लुइझियानातल्या फोर्ट पोल्क या लष्करी तळाला गरम झरे नाहीत. तिथे 1990च्या दशकात सुमारे 4,000 घरांना जमिनीतल्या स्थिर तापमानावर चालणारे, घर गरम-थंड करणारे हीट पंप बसवले आणि वीजवापर एक तृतीयांशाने उतरला. नव्यांना हे काम किरकोळ वाटतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

दख्खनच्या बेसॉल्टवर (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर) शिकलेल्यांना आयडाहो ओळखीचं वाटेल. तिथल्या माउंटन होम हवाई तळावर 2012 मध्ये बेसॉल्टमधल्या बोअरमध्ये सुमारे पावणेदोन किलोमीटर खोल गरम पाणी लागलं. तरी एका बोअरवरून प्रकल्प ठरत नाही. पाणी किती काळ, किती दाबाने येतं याची चाचणी हवीच.

आणि जमीन मोकळी दिसली म्हणून ती मोकळी नसते. गोळीबाराचं मैदान, न फुटलेला दारूगोळा, उड्डाणमार्गाखाली बोअर खणणाऱ्या रिगच्या मनोऱ्याची उंची, सगळं तपासा. कोसोचे गरम झरे पायूट आणि शोशोनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना पवित्र आहेत. त्यांच्याशी बोलणं बोअरची जागा ठरण्याआधी व्हायला हवं. परदेशी नागरिक असाल तर प्रवेशाच्या परवानगीला वेळ लागतो, अर्ज लवकर करा. पहिल्याच बैठकीला फायरिंग रेंज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बोलवा आणि नकाशावर त्याच्याकडूनच बंद क्षेत्रं आखून घ्या.