जुन्या राजेशाही गाडीचं इंजिन थरथरतंय? आधी पाना खाली ठेवा

आपल्या सांगली-मिरजेकडं जुनी मोटार बाहेर काढली आणि जरा थरथरली की कोणतरी लगेच म्हणतं, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीनं फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) गेली, इंजिन उतरवा. अजिबात उतरवू नका. शंभर वर्षांचे नट-बोल्ट एकदा हलले की परत तसेच बसतील याची खात्री नाही, त्यामुळं आधी थरथर नेमकी कधी येते ते पकडायचं.

सकाळी लवकर, गर्दी नसताना, विश्रामबागवरनं मिरजेच्या रस्त्याला गाडी घ्या. थरथर आली की न्यूट्रल करून इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता हळू चालू, सोडा. गाडी तरीही तशीच हादरत असेल तर दोष चाकात नाहीतर प्रॉपेलर शाफ्टमध्ये (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या दांड्यात) आहे, इंजिनला हात लावायचं कारणच नाही. थांबली तर उभ्या गाडीत तेवढाच रेस देऊन बघा, आणि त्याच रेसवर क्लच दाबून बघा, दाबल्यावर फरक पडला तर क्लच आधी तपासा.

आता इंजिनच धरलं समजा. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच बॅलन्स असतं, त्यामुळं ते आयडलला डुलत असेल तर बहुतेक वेळा एखादा सिलिंडर मारत नसतो, म्हणजे त्यात पेट्रोल पेटत नसतं. थंड इंजिन चालू करून मिनिटभरातच एक्झॉस्टच्या प्रत्येक फांदीवर (सिलिंडरमधनं धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) पाण्याचा एकेक थेंब टाका, जिथं चर्र होत नाही तो आळशी. पण १९०६ साली आलेल्या रोल्स-रॉइस ४०/५० ला, म्हणजे सिल्व्हर घोस्टला, दोन इग्निशन असतात, म्हणजे ठिणगी पाडायच्या दोन व्यवस्था, मॅग्नेटो (इंजिननं फिरून स्वतःच वीज करणारा) आणि कॉइल (बॅटरीवरचं), प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. दोन्ही चालू ठेवून एक प्लग बंद केला तर दुसरा काम करत राहतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे! म्हणून आधी फक्त मॅग्नेटोवर चालवा, मग फक्त कॉइलवर, आणि दोन्ही वेळा थेंब टाका. दोन्हीकडं तोच सिलिंडर गार असेल तर प्लगच्या मागं लागू नका, कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह बघा.

व्ही-८, म्हणजे व्ही आकारात चार-चारच्या दोन रांगा असलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, वेगळं. १९१४ च्या सुमाराच्या कॅडिलॅकची क्रँक सपाट असते, म्हणजे तिचे सगळे बाक एकाच पातळीत, तिला थोडी आडवी थरथर जन्मापासनंच आहे, १९२३ मध्ये नवी क्रँक आली तेव्हा ती थरथर गेली. त्यामुळं त्यातलं थोडं सोडून द्यायचं, दुरुस्त करायला जाऊ नका.

इंजिन पूर्वी कुणी बांधलंय आणि थरथर रेसबरोबर वाढतच जाते? मग पिस्टनच्या वजनाची शंका घ्या. हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि संप (खालचं तेलाचं भांडं) निघालेलंच असेल तर पिस्टन, रॉड सराफाच्या काट्यावर तोलून घ्या.

सगळ्यात फसवी थरथर म्हणजे ठरावीक रेसवर येते आणि त्याच्या वर-खाली गायब होते ती. लांब क्रँक पिळवटते, त्यासाठी पुढच्या टोकाला घर्षणावर चालणारा डँपर (थरथर जिरवणारा भाग) बसवलेला असतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की आतलं तेल चिकटून डिंकासारखं होतं, डँपर जाम होतो, आणि जाम डँपर म्हणजे नुसतं वजन. ढिला झाला तरी काम करत नाही. लिव्हर लावून स्प्रिंगच्या काट्यानं ओढायचं, कितीला घसरतो ते लिहून घ्यायचं आणि मेकरच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. अंदाजानं स्प्रिंग आवळू नका, क्रँक त्यानंच मोडते.