पाइपमधून थेट क्लाउडवर बॅकअप: या चुका टाळा

वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळेच्या एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्यांत सर्व्हरची डिस्क बहुधा भरत आलेली असते. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आधी डिस्कवर उतरवायला जागाच नसते. अशा वेळी डंप, तो लहान करणारं जीझिप आणि क्लाउडवर चढवणारा अपलोडर पाइपने जोडून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देऊन, डेटा थेट एस३ या अॅमेझॉनच्या क्लाउड साठवणीत पाठवणं फार सोयीचं. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडच्या सीएलआयमध्ये (कमांड-लाइन साधनात) फाइलच्या नावाऐवजी नुसता डॅश दिला, किंवा आरक्लोन या कॉपी करणाऱ्या साधनाचं ‘आरकॅट’ वापरलं, की झालं. मात्र अपलोडरला मागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्क्रिप्टने शून्य (म्हणजे ‘यशस्वी’) परत केला यावर विश्वास ठेवणं. बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डेटाबेसचा पासवर्ड कोणीतरी बदलला आणि डंप सुरू होताच मेला, तरी जीझिप रिकाम्या इनपुटची नीटनेटकी फाइल बनवतं, अपलोडर ती चढवतो आणि सगळं हिरवं दिसतं. बकेटमध्ये (एस३ वरच्या साठवणीच्या कप्प्यात) रोजच्या तारखेची फाइल असते, फक्त तिचा आकार २० बाइट असतो. त्यामुळे नुसती फाइल आहे का हे न पाहता आकार पाहा, आणि कालच्या आकाराशी ताडून पाहा.

यावर ‘पाइपफेल’ (कुठलीही कमांड फसली तर पूर्ण पाइपलाइन फसली असं धरणारा बॅशचा पर्याय) लावा असं सगळेच सांगतात. लावाच. पण पाइपफेल अपयश कळवतं, अपलोड अडवत नाही. डंप अर्ध्यावर मेला की पाइप बंद होतो, आणि अपलोडरच्या लेखी त्याचा अर्थ ‘डेटा संपला’ एवढाच. तो अर्धी फाइल पूर्ण समजून पक्की करतो. त्याच नावावर कालचा चांगला बॅकअप असेल आणि बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखण्याची सोय) नसेल, तर तोही गेला. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने चढवा, ‘पाइपस्टेटस’मधले (प्रत्येक कमांडचा निकाल ठेवणाऱ्या बॅशच्या यादीतले) सगळे आकडे शून्य असतील तरच बकेटमध्ये खऱ्या नावावर हलवा. पाइपस्टेटस लगेच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. पुढची कमांड चालली की तो बदलतो.

दुसरी अडचण आकाराची. प्रवाह किती लांब आहे हे अपलोडरला आधी कळत नाही, आणि एस३ मध्ये एका मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या) अपलोडला जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात. डेटा ५० जीबीच्या वर जाणार असेल तर सीएलआयला ‘एक्स्पेक्टेड-साइझ’ बाइटमध्ये द्या. अचूक लागत नाही, सढळ अंदाज द्या. आरक्लोनचा तुकडा मुळात ५ एमआयबीचा, म्हणजे एस३ वर ४८ जीआयबीला हद्द संपते. तिथे चंक-साइझ (तुकड्याचा आकार) वाढवा. तुकडा मोठा केला की मेमरीही तेवढ्या पटीने लागते, कारण एकाच वेळी अनेक तुकडे हातात असतात. लहान व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) हे विसरू नका.

पावसाळ्यात ऑफिसची फायबर लाइन मध्येच गेली तर? एखादा तुकडा पुन्हा पाठवता येतो, पण प्रक्रियाच पडली तर पाइपमधून वाहून गेलेला डेटा परत मिळत नाही, पहिल्यापासून सुरुवात. शिवाय लाइन मंद असली की डंपही मंदावतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तेवढा वेळ डंपचा स्नॅपशॉट (सुरुवातीच्या क्षणाचं डेटाचं चित्र) उघडा राहतो आणि व्हॅक्यूम या सफाईच्या प्रक्रियेला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की डिस्कवर जागा असेल तर आधी फाइल करा, मग चढवा. जागा नसेल तेव्हाच पाइप.

पडलेल्या अपलोडचे तुकडे बकेटमध्ये राहू शकतात. यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. सात दिवसांनी अपूर्ण मल्टिपार्ट अपलोड रद्द करणारा लाइफसायकल नियम बकेट बनवतानाच घाला.

डॉकर कंटेनरमध्ये चालणाऱ्या डेटाबेसचा डंप घेताना ‘-टी’ लावू नका. टर्मिनल जोडलं की ओळीच्या शेवटी जादा अक्षर शिरतं आणि बायनरी डंप नासतो. तसंच एरर आउटपुट मुख्य आउटपुटात वळवू नका. मायएसक्यूएलची पासवर्डविषयीची सूचना मग डंपच्या पहिल्या ओळीत जाऊन बसते. एररसाठी वेगळी लॉग फाइल ठेवा.

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) का अडते? क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे तारखेच्या फॉरमॅटमधल्या प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश हवा. उबुंटूवरचं ‘एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा दुसरा शेल आहे, आणि जुन्या डॅशला पाइपफेल ठाऊकच नाही; म्हणून शेल बॅश आहे हे क्रॉनटॅबमध्ये लिहून द्या. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या पहाटे २ वाजता तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ असतात, म्हणून फाइलच्या नावात कालची तारीख येते. बॅकअप चुकला असं समजून कोणी तो पुन्हा चालवण्याआधी हे तपासा.

शेवटची तपासणी करताना ‘जीझिप -टी’ (जीझिपची फाइल अखंड आहे का ते पाहणारी चाचणी) पास झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. डंप अर्धवट असला तरी जीझिपने आपलं काम नीट संपवलेलं असतं, त्यामुळे ती चाचणी पास होते. साध्या मजकुराचा डंप असेल तर फाइल उतरवून शेवटच्या काही ओळी वाचा: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही तिथे डंप पूर्ण झाल्याचं लिहितात. ते वाक्य नसेल तर फाइल कितीही मोठी असो, ती बॅकअप म्हणून धरू नका.